निलाजरीच्या दोन रांगा

गिरणीच्या फिटरने बागेच्या नळाला तारेचे तीन वेढे दिले, वर शिशाचं सील ठोकलं आणि पकडीने ते दाबताना माळीबुवांकडे बघायचं टाळलं. दोघांची वीस वर्षांची ओळख होती. "वरून हुकूम आहे, बुवा," एवढंच तो म्हणाला आणि पिशवी उचलून चालता झाला.

दोन वर्षं पाऊस नव्हता. गिरणीच्या विहिरीत कमरेइतकं पाणी उरलं होतं आणि ते सगळं सूतखात्याला लागत होतं. आत हवेत ओलावा राहिला नाही तर सूत तटातट तुटतं, आणि सूत तुटलं की तीनशे माणसं हातावर हात ठेवून बसतात. त्यापुढे बागेची काय कथा? हिरवळ तर केव्हाच गेली होती. फाटकापासून कचेरीपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता भेगाळलेली माती आणि गुलाबांच्या काटक्या उरल्या होत्या.

साहेब कचेरीच्या पायऱ्या उतरून आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. उभ्या उभ्याच म्हणाले, "दीडेक महिन्यात इथं सगळीकडे फरशी घालून टाकू. आणि बुवा, तुमची मागची खोली आपल्याला कापसाच्या गाठी ठेवायला लागेल. मुलगा कमावता आहे ना तुमचा?"

मुलगा ट्रक चालवत होता आणि महिन्यातून दोन दिवस घरी टेकत होता. त्याचं घर म्हणजे ट्रकची केबिन. म्हातारा, म्हातारी आणि सून यांना केबिनमध्ये कुठं बसवणार? माळीबुवांच्या पायाखालची जमीनच सरकली. एकतीस वर्षं त्या खोलीत काढली होती आणि ती कधी आपली नव्हती, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा कळलं. आणि माणूस बुडायला लागला की तोंडाला येईल ते बोलतो, तसं ते बोलून गेले, "साहेब, फरशी नको. बिनपाण्याचं हिरवं उभं करून दाखवतो."

साहेब हसले. "ढगबुवा, तुम्ही? बिनपाण्याचं?"

आजूबाजूचे चारजण हसले. कारण ढगबुवा हे नाव काही उगीच पडलं नव्हतं. एकदा भर पावसात हा माणूस डोक्यावर छत्री धरून झारीने झाडांना पाणी घालताना सगळ्या गिरणीने पाहिला होता. विचारल्यावर म्हणाले होते, "पावसाचा काय भरवसा? मध्येच थांबला तर?"

पण साहेबांनी मान डोलावली. "ठीक आहे. फरशी येईपर्यंत वेळ देतो. गिरणीच्या पाण्याला हात लावायचा नाही. हिरवं दिसलं तर बाग राहील, माळी राहील, खोलीही राहील. नाहीतर फरशी."

*

घरी येऊन बुवांनी हे सांगितलं तेव्हा म्हातारी भांडी घासत होती, राखेने. तिने हातातलं पातेलं आपटलं.

"अहो, जीभ आहे का चाबूक? बिनपाण्याचं हिरवं! कागदाची फुलं लावणार आहात का?"

दाराशी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती गावामागच्या डोंगरमाळावरची. तिचा बाप शेळ्या राखायचा, आजाही शेळ्याच राखायचा. लग्नात बुवांनी नाक मुरडलं होतं. बागेतल्या माणसाच्या घरात शेळीवाल्यांची पोर, म्हणजे मांजराला खवा राखायला ठेवण्यासारखं आहे, असं ते तेव्हा चारचौघांत म्हणाले होते. हे सुनेच्या कानावर गेलं होतं आणि ते तिच्या कानावर गेलंय, हे बुवांना ठाऊक होतं.

"निलाजरी लावा, मामंजी," घडीवरून हात फिरवत ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या माळावर असते. माणसाच्या छातीइतकी वाढते. बाराही महिने हिरवी. सगळं रान जळून जातं आणि ही आपली पानं चमकवत उभी, म्हणून निलाजरी. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, पानं चिकट असतात."

"ते रानगवत? कचेरीपुढं?"

"मग राहू दे," सून म्हणाली आणि घड्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बुवा कुदळ खांद्यावर टाकून तिच्या मागे माळ चढत होते. गुडघा कुरकुरत होता. वर गेल्यावर मात्र ते थबकले. सगळा माळ भाजलेल्या मातीच्या रंगाचा आणि त्यात जागोजाग ही हिरवी झुडपं. पान बोटांत चोळलं तर बोट चिकटलं. बुवांनी एक भरदार झुडूप हेरून कुदळ उगारली.

"ते नको," सून म्हणाली. "मोठ्याचं मूळ खोल गेलेलं असतं, तुटलं की संपलं. आईच्या पायाशी पिल्लं असतात बघा, वीतभर. ती घ्यायची. मातीच्या गोळ्यासकट."

"एकतीस वर्षं मी काय माश्या मारल्या का?" बुवा म्हणाले आणि त्यांनी तीन मोठी झुडपं उपटलीच. सुनेने वाद घातला नाही. ती गुडघ्यांवर बसून खुरप्याने एकेका पिल्लाभोवती गोल कापत राहिली, हाताने माती चेपून गोळा उचलत राहिली, ओल्या गोणपाटात गुंडाळत राहिली. चार दिवसांत तिने साठ रोपं खाली आणली. त्या चार दिवसांत बुवांच्या तिन्ही झुडपांची पानं गळून खराटे झाले. बुवांनी ते खराटे भिंतीमागे टाकले आणि कुणीच त्यांचा विषय काढला नाही, तेच बुवांना जास्त लागलं.

लागवड सुनेच्या सांगण्याप्रमाणे झाली. रस्त्याच्या डावीकडे तीस, उजवीकडे तीस. डावी रांग सपाटीवर. उजवी मात्र नालीपलीकडे, चढावरच्या मुरमाड पट्ट्यात. तिथं जायला नाली ओलांडून दगडांवरून वर चढावं लागे. खड्डे हातभर खोल. गावातल्या हातपंपावरून घराला दिवसाला चार कॅन मिळत. त्यातलंच राखून, अंघोळी एक दिवसाआड करून, प्रत्येक खड्ड्यात एकदाच तीन तांबे जिरवले. वर चपटे दगड पसरले, ओल उडू नये म्हणून.

"आता पंधरा दिवस हात लावायचा नाही," सून म्हणाली. "मग एक तांब्या. पुन्हा पंधरा दिवस नाही. दुपारी पानं मिटतील, मान टाकतील. टाकू द्यायची. तहान लागल्याशिवाय मूळ खाली जात नाही, मामंजी. वर पाणी मिळालं की ते वरच लोळत बसतं."

"बरं," बुवा म्हणाले.

*

पण बरं म्हणणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा नेहमीच्या वेळी उठले आणि त्यांना करायला काहीच नव्हतं. पाणी घालायचं नव्हतं, हिरवळ कापायची नव्हती, पाइप ओढायचा नव्हता. हात नुसते शिवशिवत होते. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. एक दगड उचलला, दुसऱ्या रोपाशी ठेवला, पुन्हा पहिल्याशी आणला. वॉचमन केबिनच्या खिडकीत बसून बघत होता.

"बुवा, गस्त घालता का? मग मी घरी जाऊ?"

"तुझं तोंड बघायला थांबलोय," बुवा म्हणाले आणि वळले.

दुपारी ऊन टोकाला गेलं. साठही रोपांनी पानं मिटली, शेंडे खाली सोडले. सुनेने आधीच सांगितलं होतं, तरी बुवांचा पाय एका जागी ठरेना. ते सावलीला बसले, उठले. खोलीत जाऊन आले. तापात पडलेल्या लेकराला पाणी द्यायचं नाही असं कुणी बजावावं, तसं त्यांना झालं होतं. एकतीस वर्षं त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. मान टाकलेल्या झाडाला पाणी घातलं की ते संध्याकाळी मान वर करतं. त्यांच्या सगळ्या शहाणपणाची गोळाबेरीज एवढीच होती.

पाचव्या दिवशी सून हातपंपावर रांगेत होती. म्हातारी आडवी झाली होती. बुवांनी प्यायच्या पाण्यातलं डबाभर घेतलं आणि डाव्या रांगेतल्या दहा रोपांना घोट घोट घातलं. दगड उचलायचा, पाणी ओतायचं, दगड जागेवर. संध्याकाळी रोपांनी मान वर केली. ती तशीही करणारच होती, पण ते बुवांना कोण सांगणार? त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना जेवण गोड लागलं.

मग रोजचंच झालं. कधी भांड्यांचं पाणी, कधी पाय धुतलेलं, कधी स्वतःची अंघोळ बुडवून तीच बादली. उजव्या रांगेला मात्र जाता येत नव्हतं. बादली घेऊन नाली ओलांडायची म्हणजे गुडघा बोंबलणार, आणि वर चढलं की थेट वॉचमनच्या खिडकीसमोर. त्या तीस रोपांकडे बघून बुवांना अपराध्यासारखं वाटे. "तुमचं कुणी नाही रे," ते मनात म्हणत आणि डाव्या रांगेला आणखी थोडं घालत.

तिसऱ्या आठवड्यात डावी रांग पिवळी पडायला लागली.

सून एकेका रोपाशी उकिडवी बसली. पान खुडून उन्हात धरलं, वास घेतला. कपाळावर आठ्या आल्या.

"मामंजी, पाणी घातलं का हो कुणी?"

"छे गं. कोण घालणार? प्यायला नाही."

"पिवळी पडायला नकोत. सुकली तर करड्या रंगाची होतात. ही पिवळी तर दलदलीत लावल्यावर होतात." तिने ते पान टाकून दिलं. "इकडची माती चिकण असेल. माझंच चुकलं असेल काहीतरी."

बुवांनी घसा खाकरला. हीच वेळ होती, शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण त्या तीन खराट्यांची आठवण अजून ताजी होती आणि पुन्हा शेळीवाल्यांच्या पोरीपुढं मान खाली घालायची, हे काही त्यांच्याने होईना. "असेल, माती चिकण असेल," ते म्हणाले. आणि दुपारी, पिवळी पडलीत म्हणजे तहानलीत, असा हिशेब करून त्यांनी एक बादली जास्त घातली.

*

साहेब आले ते फरशीवाल्याला घेऊनच. फरशीवाल्याने फीत सोडली आणि बुवांच्या पायांवरूनच ती ओढत नेली. डावी रांग हळदीसारखी पिवळी. उजवी धुळीने माखून, पानं मिटून, लांबून मेल्यासारखीच दिसत होती.

"हे हिरवं का?" साहेब म्हणाले. "कुणाची ही अक्कल?"

बुवा उभे होते. मागून सून पुढं आली.

"माझी, साहेब. आमच्या माळावरचं झाड आहे. मीच सांगितलं."

"तुमच्याकडे शेळ्या असतात ना? शेळ्या राखणं वेगळं, बाई, आणि बाग करणं वेगळं. बुवा, तुम्ही तरी? या वयात हिच्या नादी लागलात?"

फरशीवाला हसला. वॉचमनने नजर फिरवली. सून मान खाली घालून उभी राहिली. तिच्या नखांत माती होती आणि ती एक नख दुसऱ्या नखाने कोरत होती.

"चूक माझी आहे, साहेब. आठ दिवस द्या. बापाला विचारून येते."

"आठ दिवस द्यायला काय, फरशी यायलाच आठ दिवस आहेत," म्हणून साहेब निघून गेले.

एकतीस वर्षांत बुवांना पुष्कळांनी बोललेलं होतं, पण दुसऱ्याच्या पाठीवर आपला मार बसताना बघायची ही पहिलीच वेळ. रात्रीचं जेवण त्यांनी अर्धवट सोडलं. सून पहाटेच उठून माळावर गेली, चालत.

त्या दिवशी दुपारी बुवांनी ठरवलं की आता बास, एक थेंबसुद्धा घालायचा नाही. हे स्वतःला बजावायला म्हणून ते डाव्या रांगेकडे गेले. आणि बघतात तर शेवटच्या रोपाशी म्हातारी बसलेली, शेजारी धुण्याच्या पाण्याची बादली, हातात तांब्या.

"तू?"

म्हातारी दचकली. "हळू बोला! रोज एकेक तांब्या घालते, जास्त नाही. लेकरांसारखी माना टाकतात, बघवत नाही हो."

"कधीपासून?"

"लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. का? तुम्ही काही..." तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. संसाराला चाळीस वर्षं झाली होती, एवढं कळायला बोलावं लागत नव्हतं. "अगं बाई! तुम्हीसुद्धा?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. दुसरी वेळ असती तर हसून हसून पोट दुखलं असतं. तेवढ्यात त्यांच्यामागे पायांचा आवाज झाला. सून माळावरून परत आली होती. उन्हाने तिचा चेहरा तांबडा झाला होता, पायांवर धुळीचे मोजे चढले होते. ती म्हातारीच्या बादलीकडे बघत होती.

खाली वाकून तिने पहिलं रोप दोन बोटांत धरलं आणि ओढलं. ते सहज हातात आलं. मूळ काळं, गिळगिळीत. कुजका वास सुटला.

"मी बापाला बोलून आले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हटलं, तुमची झाडं खोटी निघाली, तुमच्यापायी माझ्या सासऱ्याची नोकरी गेली. म्हातारा माणूस, काठी टेकत खाली यायला निघाला होता, माती बघायला. मीच नको म्हटलं."

म्हातारी रडायला लागली. बुवांना वाटलं, हिने आरडाओरडा करावा, मुलाला सांगावं, घर डोक्यावर घ्यावं. पण सून ते काळं मूळ हातात धरून तशीच उभी राहिली. मग नालीपलीकडे गेली. दगडांवरून चढून उजव्या रांगेतल्या पहिल्या रोपाशी बसली, दुसऱ्याशी, तिसऱ्याशी. बराच वेळ ती परत आली नाही.

*

आठव्या दिवशी फरशीचा ट्रक फाटकाबाहेर उभा राहिला. साहेब पायऱ्या उतरले, मागे कारकून, आणि दुपारच्या पाळीची पंधरावीस माणसं तमाशा बघायला. सून पुढं होऊन काही सांगू लागली, तसे बुवा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, तिचं काही चुकलं नाही. ही रांग मी मारली."

"म्हणजे?"

"पाणी घालून मारली. तिने नको म्हणून सांगितलं होतं. चोरून घातलं. तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्या दिवशी तुम्ही तिला बोललात, ते मला बोलायचं होतं."

म्हातारीने तोंड उघडलं, पण बुवांनी हातानेच तिला गप्प केलं. दुपारच्या पाळीत कुणीतरी खुदकन हसलं. "ढगबुवांनी निलाजरीसुद्धा बुडवली!" मग सगळेच हसले. साहेबांनाही हसू आवरेना. बुवांच्या कानांतून धूर निघत होता, पण ते जागचे हलले नाहीत.

"आता त्या बाजूला चला," ते म्हणाले. "तिकडं माझा हात पोचला नाही."

साहेब बुटांना माती लागेल म्हणून आधी थबकले, मग नाली ओलांडून चढले. तीस रोपं होती. चार गेली होती, सव्वीस उभी होती. साहेबांनी एका पानावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली हिरवंगार, तेल लावल्यासारखं. शेंड्याला बोटाच्या पेराएवढा कोवळा फुटवा आला होता. साहेबांनी तो चिमटीत धरला आणि चिकटलेली बोटं एकमेकांवर घासली.

"याला किती पाणी घातलंत, बाई?"

"लावताना तीन तांबे. पंधरा दिवसांनी एक तांब्या."

साहेब थोडा वेळ सबंध रांग बघत राहिले. मग फरशीवाल्याला म्हणाले, "ट्रक वळवून कँटीनमागे उतरव. इथं नको." आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "माळ्याच्या जागी या बाईंचं नाव घाला. बुवा, वाईट वाटून घेऊ नका. मला पाणी न घालणारा माळी पाहिजे."

"खोली?" बुवांनी विचारलं.

"खोली माळ्याची असते. माळी आता ही आहे. ती ठेवेल तर राहा."

सगळे पुन्हा हसले. बुवाही हसल्यासारखं करून उतरले, आणि उतरताना गुडघा वळला तेव्हा नालीत पडता पडता त्यांना वॉचमनने धरलं.

त्या संध्याकाळी सुनेने ताटं वाढली, नेहमीसारखं आधी सासऱ्यापुढे ठेवलं. बुवा मान वर न करता म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला मी स्वतः जाऊन सांगतो. झाडं खोटी नव्हती म्हणून."

"गुडघा?"

"गुडघ्याला काय होतंय. सावकाश चढेन."

"जा मग," ती म्हणाली. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पण आधी डाव्या रांगेतली मेलेली उपटायची आहेत. ती तुम्ही उपटा."

सकाळी बुवांनी तीस रोपं उपटली. एकाही रोपाने जरासुद्धा धरून ठेवलं नाही. प्रत्येकाच्या खाली माती अजून ओली होती, आणि गावात बायका कॅन घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या होत्या. बुवांनी सगळ्या काटक्यांची मोळी बांधली, खड्डे बुजवायला फावडं उचललं.

"राहू द्या, मामंजी. खड्डे आठ दिवस उन्हात वाळू देत. मग नवी पिल्लं आणेन."

"बरं. मग आता काय करू?"

"काही नाही. बसा."

बुवा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. सून नालीपलीकडे पाठमोरी वाकून एकेका रोपाभोवतीचे दगड तपासत पुढे सरकत होती. ऊन चढलं, गरम वारा सुटला, फाटकातून धूळ आत आली. डोळ्यांदेखत सव्वीसच्या सव्वीस रोपांनी पानं मिटली आणि शेंडे खाली सोडले. कॅन सावलीत, हाताच्या अंतरावर होता. त्यांचे हात गुडघ्यांवरून सुटले आणि ते अर्धे उठले.

"मामंजी," सून म्हणाली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

बुवा खाली बसले.